आधी परकर, मग पैठणी

ताई, तुमचं पत्र मोठं होतं, म्हणून त्यातला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. डिसेंबरात तुमच्या नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. तुमचं वय ४२, उंची ५ फूट १ इंच. दोन सिझेरियन झालीत, धाकटा आता ९ वर्षांचा आहे. छाती जड, दंड भरलेले, पोट पुढे आलेलं, पाय मात्र बारीक. मोबाइलवरच्या एका चाचणीत तुमचा ‘सफरचंदी बांधा’ निघाला आणि अशा बांध्याला जड काठपदराची साडी शोभत नाही, असं त्याखाली लिहिलेलं होतं. तेव्हापासून तुम्ही पैठणीचा विचार सोडून दिलाय आणि पोट आत घेणारं शेपवेअर शोधताय. शेवटी तुमची जाऊ, मुलगी आणि सासूबाई यांच्याबद्दलही एकेक ओळ आहे.

मी पुण्यात २६ वर्षं ब्लाउज शिवतेय आणि लग्नाच्या दिवशी साड्या नेसवायलाही जाते. त्यावर विसंबून सांगते, पैठणी घ्या. फक्त ती घेण्याआधी दोन गोष्टी घ्या, एक ब्रा आणि एक परकर. साडी अंगावर कशी बसेल हे निम्म्याहून जास्त याच दोन गोष्टी ठरवतात. पण बाई माझ्याकडे येते तेव्हा साडी घेऊन झालेली असते, ब्लाउज दोन दिवसांत हवा असतो आणि परकर जुनाच चालणार असतो.

आधी त्या सफरचंदाबद्दल. सफरचंद, पेर, वाळूचं घड्याळ ही नावं गाऊन आणि पँट डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत. माझ्या मापाच्या वहीत मी अशी नावं लिहीत नाही. छाती, कंबर, नितंब यांच्या आकड्यांपुढे मी चार गोष्टी टिपून ठेवते. खांदे नितंबांपेक्षा अरुंद आहेत की रुंद. पोट कुठून सुरू होतं, बेंबीच्या वरून की खालून. छातीच्या खालच्या कडेपासून कमरेपर्यंत किती बोटं जागा आहे. आणि बाई उभी कशी राहते, ताठ, पोक काढून की पोट पुढे टाकून. छाती ४० आणि कंबर ३८ अशी तंतोतंत सारखी मापं असलेल्या दोन बायकांना एकच साडी नेसवली, तरी या चार गोष्टींमुळे एकीला ती उचलून धरते आणि दुसरीला बुटकी करते. तुमची चाचणी यातलं काहीच विचारत नाही.

तुमच्या बाबतीत तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, छाती आणि कंबर यांच्यामधली जागा. छाती जड असेल आणि ब्रा सैल पडली असेल तर छाती खाली उतरून थेट पोटावर टेकते. मधली जागा नाहीशी होते आणि समोरून बघताना छातीपासून पोटापर्यंत एकच गोलाई दिसते. तुम्ही ज्याला ‘पोट’ म्हणताय त्यातला बराच भाग ही नाहीशी झालेली जागा असते. आरशासमोर साधी परीक्षा करा. खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर छातीचा सर्वांत पुढचा बिंदू यायला हवा. तो कोपराकडे सरकला असेल तर आधी ब्रा बदला. योग्य ब्रा घातल्यावर मधे तीन-चार बोटं जागा मोकळी झालेली मी कितीतरी वेळा पाहिलीय. साडीत तीच तीन-चार बोटं कंबर म्हणून दिसतात.

माप असं घ्या. छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, टेप घट्ट धरून पहिलं माप, म्हणजे पट्ट्याचं. दुसरं छातीच्या सर्वांत उंच भागावरून, टेप सैल ठेवून. दोन्ही मापांत जितक्या इंचांचा फरक, तितका कप मोठा, १ इंचाला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी. कंपन्यांच्या तक्त्यांत थोडा फरक असतो, पण अंदाज येतो. माझ्याकडे येणाऱ्या जड छातीच्या बहुतेक बायका ३८ किंवा ४० बी घालतात आणि त्यांना खरं तर ३६ डी किंवा त्याच्याही पुढचा कप लागतो. पट्टा सैल असला की सगळा भार खांद्यांवर येतो, खांद्यांवर वळ पडतात आणि पाठीवरचा पट्टा वर चढतो. पॅडवाली नको, तुम्हाला भर घालायची नाहीये. पूर्ण झाकणारा कप आणि काखेकडून आत लोटणारी बाजूची पट्टी असलेली घ्या. ‘मिनिमायझर’ म्हणून मिळते ती छाती चपटी करून बाजूला पसरवते. शर्टाखाली ती चांगली, पण ब्लाउजात ती काखेपाशी रुंदी वाढवते आणि तुमचे दंड तिथेच आहेत.

लग्नाला जी ब्रा घालणार तीच घालून ब्लाउजचं माप द्यायचं. सुरुवातीच्या वर्षांत मी हे विचारत नसे. एका नवरीने माप साध्या ब्रावर दिलं आणि लग्नाच्या सकाळी नवीन, उचलून धरणारी ब्रा घातली. टक, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुण्या, एक इंच खाली पडले, छातीवर हूक लागेनात. मंगलाष्टकांना अर्धा तास उरला असताना मी तिच्या खोलीत बसून बगलेच्या शिवणी उसवल्या. ती मुलगी रडत होती. त्या दिवसानंतर मी हा प्रश्न विचारल्याशिवाय टेप हातात धरलेली नाही.

आता परकर आणि शेपवेअर. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण यावर मिळणारे बहुतेक सल्ले साडी नेसणाऱ्या बाईसाठी लिहिलेलेच नसतात.

शेपवेअर म्हणजे नायलॉन आणि स्पँडेक्स यांचं दाट विणलेलं कापड. स्पँडेक्सचा धागा १९५८ साली अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञांनी तयार केला आणि लायक्रा या नावाने तो जगभर गेला. ताणला की लांबतो, सोडला की जागेवर येतो, एवढाच त्याचा गुण. तो मांस कमी करत नाही, सरकवतो. एका जागी दाबलं की ते शेजारी जातं. अंगभर गाऊन असेल तर शेजारचं झाकलेलं असतं. साडीत मात्र ब्लाउज आणि कमर यांच्यामधली पाठ आणि डावी-उजवी कूस उघडी असते. म्हणजे दाबलेलं मांस बरोबर उघड्या जागीच वर येतं. दोन साइझ लहान शेपवेअर घालून आलेल्या बाईच्या पाठीवर ब्लाउजखाली जी वळी दिसते ती तिची स्वतःची नसते, त्या शेपवेअरने तयार केलेली असते. दुसरीकडे, छातीपर्यंत येणारं उंच कमरेचं घेतलं तर वळी येत नाही, पण त्याची कड आणि कापड कुशीत दिसतं.

यातून वाट आहे. ब्लाउजची उंची वाढवा. तुम्ही १४ इंच शिवत असाल तर १६ शिवा. उंच कमरेच्या, मांडीपर्यंत येणाऱ्या शॉर्टसारख्या शेपवेअरची वरची कड ब्लाउजच्या आत जाईल आणि पाठ एकसंध दिसेल. रंग त्वचेच्या जवळचा घ्या. वरच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी असेल तर ते गुंडाळत खाली येत नाही. दाब ‘हलका’ किंवा ‘मध्यम’ असं लिहिलेला घ्या. साइझ कंबर आणि नितंब यांपैकी जे माप मोठं त्याप्रमाणे घ्या. पाकिटावरचं एल-एक्सएल एका कंपनीचं दुसरीशी जुळत नाही आणि अनेक तक्ते परदेशी बांध्यांवर बेतलेले असतात. भारतीय अंगाची मापं गोळा करण्यासाठी निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने सहा शहरांत २५ हजार लोकांच्या मोजमापाचा प्रकल्प हाती घेतला तो याच अडचणीमुळे. म्हणून अक्षरावर न जाता इंचांवर जा.

‘साडी शेपवेअर’ म्हणून परकराऐवजी घालायची जी घट्ट नळी मिळते, एका बाजूला कट असलेली आणि खाली माशाच्या शेपटीसारखी पसरणारी, ती तुमच्यासाठी नको. ती मांड्या आणि पाय आवळते. तुमचे पाय मुळातच बारीक आहेत. खाली आणखी बारीक झालं की वरचं पोट दुप्पट डोळ्यांत भरतं. तुम्हाला खालून थोडा घेर हवा, म्हणजे पोटापासून जमिनीपर्यंत साडी सरळ रेषेत उतरते आणि पोट त्या रेषेत मिसळून जातं. सहा कळ्यांचा, पॉपलिनचा परकर शिवून घ्या. सॅटिनचा नको, त्यावरून सिल्क घसरतं. कमरेला नेहमीच्या अरुंद नेफ्याऐवजी अडीच-तीन इंच रुंदीची दुहेरी पट्टी लावायला सांगा आणि पुढे आडव्या हुकांची दोन घरं. नाडी हवीच असेल तर तिची गाठ डाव्या कुशीला घ्या, पोटाच्या मध्यावर नको. जड पैठणी परकराला खाली ओढते. नुसत्या इलॅस्टिकच्या कमरेवर ती टिकत नाही, अर्ध्या तासात निऱ्या जमिनीला लोळायला लागतात. रुंद पट्टी भार वाटून घेते.

परकर कुठे बांधायचा? पोट सुटलेल्या बायका दोन प्रकारे चुकतात. काहीजणी पोटाच्या खाली बांधतात, मग वर पोट लोंबतं आणि खाली निऱ्यांचा गठ्ठा, अशा दोन पायऱ्या होतात. काहीजणी पोटाच्या मध्यावर करकचून बांधतात आणि पोटाचे दोन भाग होतात. तुम्ही बेंबीवर किंवा बेंबीच्या एक बोट वर बांधा, दोन बोटं आत जातील इतपत.

निऱ्यांचं गणित करून बघा. तुमच्या उंचीला कमरेपासून जमिनीपर्यंत, चप्पल धरून, साधारण ३८ इंच होतात. साडीचा पन्हा (रुंदी) ४५-४६ इंचांचा असतो. उरलेलं सात-आठ इंच कापड कमरेत खोचलं जातं, आणि उंच बाईपेक्षा तुमचं जास्त खोचलं जातं. त्यात वरचा काठ रुंद जरीचा असेल तर तो ताठ काठ पोटावर दुमडून बसतो. वर सात निऱ्या घेतल्या तर पोटाच्या मध्यावर कापडाचे चौदा थर होतात. मग पोट दिसणार नाही तर काय? म्हणून साडी घेताना वरचा काठ बारीक आहे ना, हे आधी बघा. सिल्कमध्ये खालचा काठ रुंद आणि वरचा बारीक अशा साड्या मिळतात. पैठणीतही बारीक काठाच्या मिळतात. येवल्याला किंवा पैठणला जाऊन घेणार असाल तर विणकराला स्वतःच्या अंगाला लावून दाखवा, तो लगेच सांगतो. निऱ्या पाचच घ्या, जरा रुंद, आणि उरलेलं कापड पहिल्या फेऱ्यात मागे मुरवा. निऱ्या खोचण्याआधी पिनेने सपाट करा आणि बेंबीपासून दोन बोटं डावीकडे खोचा. चप्पल आधी घाला, साडी नंतर नेसा. नेसल्यावर चप्पल घातली की साडी वर जाते आणि पाय आखूड दिसतात.

रंगाबद्दल एक. बुटक्या बाईने आडवं काही नेसू नये, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ सालीच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच दिसतो आणि उभ्या रेघांनी भरलेला रुंद. २०११ साली इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठात पीटर थॉम्पसन यांनी हेच स्त्रियांच्या आकृत्यांवर तपासलं, तेव्हा आडव्या रेघांनी बाई जाड दिसत नाही असंच आढळलं. त्यामुळे नारायणपेठच्या बारीक चौकड्यांना किंवा आडव्या रेघांना घाबरू नका. घाबरायचं असेल तर एका ठळक आडव्या तुकड्याला घाबरा. हिरवी साडी, त्यावर गडद लाल ब्लाउज आणि मधे उघडी कंबर, असे तीन तुकडे झाले की पाच फुटांची बाई साडेचार फुटांची वाटते. तुम्ही ब्लाउज साडीच्या अंगाच्याच रंगाचा शिवा. पैठणीच्या ब्लाउजपीसला काठ असतोच, रंगासाठी तो पुरतो.

तो काठ बाहीवर कुठे येतो हे मात्र शिंप्यावर सोडू नका. नेहमीची दंडाच्या मध्यावर संपणारी बाही शिवली तर जरीचा पट्टा बरोबर छातीच्या उंचीवर येतो. एका दंडापासून छातीवरून दुसऱ्या दंडापर्यंत एक लांब आडवी रेघ तयार होते, आणि तुमचा सगळ्यात रुंद भाग तोच आहे. बाही कोपराच्या दोन बोटं वर संपवा. काठ खाली उतरतो, छातीपासून लांब जातो आणि दंड झाकले जातात. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर, उंच आणि अंगाबरोबर हवा. सैल मुंढ्यात मोकळं वाटतं असा समज आहे, पण मुंढा खाली उतरला की हात वर करताना अख्खा ब्लाउज वर ओढला जातो. मुंढा वर असेल तर फक्त हात हलतो, ब्लाउज जागेवर राहतो. जेवण वाढताना फरक कळेल.

कटोरी की प्रिन्सेस कट, हे तुम्ही विचारलंय. जड छातीला कटोरी, म्हणजे छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेली बेतणी, पकड चांगली देते, पण तिची शिवण छातीखालून आडवी जाते आणि बुट्ट्यांचं कापड असेल तर बुट्टी मधोमध तुटते. प्रिन्सेस कटची शिवण मुंढ्यापासून छातीवरून कमरेपर्यंत एकसलग उतरते. तुम्हाला मी प्रिन्सेस कटच शिवला असता, आत पक्कं सुती अस्तर देऊन. गळा पुढे साडेसहा-सात इंच, पानाच्या आकाराचा किंवा थोडा निमुळता. बोटनेक नको, तो छाती भरगच्च करतो. मागचा गळा खोल आवडतो हे मला माहीत आहे, सगळ्यांनाच आवडतो, पण जड छातीचा सगळा भार मग दोन खांदपट्ट्यांवर येतो आणि त्या घसरतात. मागे सात इंचांवर थांबा. पदर बारीक निऱ्यांचा करून छातीच्या मधून नेऊ नका, बाजूची छाती उघडी पडते. पहिली निरी रुंद सोडून पदर तिरका न्या आणि मागे गुडघ्यापर्यंत लांब ठेवा. पाठीवरची ती लांब उभी रेघ उंची देते.

शेपवेअरबद्दल एक गंभीर गोष्ट राहिली. माझ्या धाकट्याच्या जन्मानंतर दीड वर्षाने चुलत भावाच्या लग्नात मी स्वतः खूप घट्ट शेपवेअर घालून दहा तास वावरले. संध्याकाळी उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या, मग तो भाग बधिर झाला आणि तीन आठवडे तसाच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं की जांघेपाशी मांडीच्या त्वचेची एक नस असते, घट्ट पट्ट्याने ती दाबली जाते. त्याशिवाय आवळलेल्या पोटामुळे जेवणानंतर आंबट पाणी वर येतं. पोटाच्या वळीखाली घाम साचून पुरळ आणि बुरशी होते, विशेषतः सिझेरियनच्या व्रणापाशी, जिथे अनेकींना स्पर्श नीट कळत नाही. म्हणून मर्यादा घाला. लग्नाच्या विधींपुरतं, चार-पाच तास. पूर्ण श्वास घेता यायला हवा, पंधरा मिनिटं पाटावर बसता यायला हवं. घरी एकदा साडीसकट बाथरूमला जाऊन बघा. मांडीपर्यंतच्या शॉर्टला खाली उघडणारी घडी असेल तर तीच घ्या, नाहीतर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी लघवीची जळजळ घेऊन बसतात. विकत घेतलेला तुकडा गार पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उष्णतेने स्पँडेक्सची ताकद जाते.

आणि झोपून डोकं किंचित उचललं की पोटाच्या मध्यावर उभा उंचवटा येत असेल, तर बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून विलग झालेले असू शकतात. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जा. नऊ वर्षांनंतरही व्यायामाने फरक पडलेला मी माझ्या गिऱ्हाइकांत पाहिलाय. शेपवेअरने तो पडत नाही.

तुमच्या जाऊबाईंचं सगळं उलट आहे. खांदे अरुंद, छाती ३४, नितंब ४४. तुम्ही लिहिलंय की त्या काठपदराच्या साड्या टाळून नेहमी गडद, ढगळ कुर्त्यांत असतात. त्यांना तुमच्यासाठी जे नको म्हटलं ते सगळं द्या. बोटनेक, दंडाच्या मध्यावर जरीचा काठ, साडीपेक्षा उजळ ब्लाउज, हवं तर पातळ कप. नजर वर आली की खांदे आणि नितंब यांचा तोल आपोआप साधतो. त्यांना साडी शेपवेअर चालेल, मांड्या घासत नाहीत म्हणून चालायलाही बरं. पण साइझ नितंबांच्या मापाची घ्यायची आणि कंबर नाडीने आवळायची. कमरेच्या मापाने घेतलं तर नितंबांवर कापड इतकं ताणलं जातं की साडीतूनही कड दिसते. साडी मऊ, उतरती हवी, क्रेप, मऊ सिल्क किंवा माहेश्वरी. ऑर्गेन्झा आणि कडक चंदेरी नितंबांवर फुगून उभी राहते. कुर्ता घालणार असतील तर बाजूचा कट नितंबाच्या सर्वांत रुंद भागाच्या वर उघडू द्या आणि कुर्त्याची कड त्या भागावर संपू देऊ नका. त्यांना नितंब उठून दिसलेले आवडत असतील, अनेकींना आवडतात, तर माशाच्या कटाचा परकर आणि अंगाबरोबर नेसलेली साडी, दुसरं काही नको.

मुलगी १९ वर्षांची, ५ फूट ६ इंच, सडपातळ. तिला शेपवेअर नको, कसलंही नको. तुमच्या हातून सुटलेली रुंद काठाची पैठणी तिच्यासाठी आहे. ऑर्गेन्झा, टिश्यू, चंदेरी तिच्या अंगावर भरतील. दुकानात पन्हा मोजायला सांगा, उंच मुलीला ४७-४८ इंच लागतो, नाहीतर साडी घोट्याच्या वर राहते. खणाचा ब्लाउज तिला सुरेख दिसेल. गुळेदगुड्डचा खण ताठ असतो, सपाट छातीवरही तो स्वतःचा आकार धरतो. आणि तिच्या देखत तिच्या ‘नसलेल्या’ अंगाबद्दल कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. मापं घेताना मुली खांदे आत ओढून उभ्या राहतात ते अशाच बोलण्यांमुळे, आणि खांदे आत ओढलेल्या मुलीवर कुठलाच ब्लाउज बसत नाही.

सासूबाई ७४ वर्षांच्या, रोज नऊवारी नेसतात आणि त्यांच्या कमरेला काळा, खरखरीत पट्टा पडलाय, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमच्या सगळ्या पत्रात मला ही ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत छापली. दोघींच्या कमरेच्या उजव्या बाजूला बरी न होणारी जखम होती आणि तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघाला. एकीला परकराची नाडी घट्ट बांधायची सवय होती. दुसरी वर्षानुवर्षं परकराशिवाय लुगडं कमरेला करकचून नेसत आली होती. एकाच जागी रोजचा दाब आणि घासणं, हे त्यामागचं कारण. हे फार क्वचित होतं. नुसता काळा पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, बहुतेक बायकांचा तो आयुष्यभर तसाच राहतो. पण तिथे जखम, खपली किंवा गाठ असेल आणि तीन-चार आठवड्यांत भरत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी आजच दोन बदल करा. रोज बांधायची जागा दोन-तीन बोटं वर-खाली करा आणि बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी वापरा. लग्नासाठी त्यांना शिवलेली नऊवारी करून द्या, कमरेला रुंद मऊ इलॅस्टिक आणि मागे कासोटा शिवलेला. सुती किंवा इरकलीची, हलकी. त्यांना पोक आहे, तेव्हा ब्लाउज मागून एक इंच लांब आणि पुढून पाऊण इंच आखूड बेतायला सांगा, नाहीतर पाठ उघडी पडते आणि पुढे चोळामोळा होतो. हूक पुढेच.

तुळशीच्या लग्नानंतर एकही शिंपी मोकळा सापडणार नाही, त्यामुळे ब्रा आणि परकर या महिन्यातच करा. तोच परकर घालून आणि चप्पल सोबत नेऊन दुकानात जा. पैठणी उभं राहून अंगाला लावून बघा, नुसती मांडीवर पसरून नको. ब्लाउज दिवाळीआधी टाका. पहिल्या ट्रायलला हात वर करा, नमस्काराला वाका, खाली बसा, मगच पैसे द्या. आणि दोन्ही बगलांच्या शिवणीत दीड-दीड इंच माया, म्हणजे नंतर सैल करायला जादा कापड, ठेवायला सांगा, पुढच्या लग्नात हाच ब्लाउज घालायचा आहे.